मौन आणि संमती

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे इतके रुळले आहे की, ते कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, याचा विचार आपण सहसा करीत नाही. सभेत ठराव मांडला जातो, कोणी बोलत नाही, ठराव संमत होतो. उपवर मुलीला वडीलधारी माणसे विचारतात, ती मान खाली घालते, तिचा होकार धरला जातो. अशा ठिकाणी या वचनाने फारसे बिघडत नाही, असे आपणांस वाटते. परंतु हेच वचन रात्रीच्या वेळी, बंद दाराआड, सत्तेच्या हाती सापडलेल्या स्त्रीला लावले, म्हणजे त्याचा अर्थ किती दारुण होतो, हे दाखविणारा एक इतिहास आपल्या देशात घडलेला आहे. त्यातील मुख्य प्रकरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात घडले आणि त्याने साऱ्या भारताचा कायदा बदलला. त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी त्याच्या मागची जुनी वाट थोडी चालून पाहणे जरूर आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहू. ‘बलात्कार’ या शब्दाची फोड अगदी सरळ आहे: बळाने केलेली कृती. या शब्दात बळ आहे, ते वापरणारा आहे. स्त्रीच्या शीलाचा त्यात उल्लेखही नाही. पण हा शब्द उच्चारणे आपणांस अवघड वाटते. म्हणून आपण म्हणतो, ‘तिची अब्रू गेली’, ‘तिचे शील भ्रष्ट झाले’, ‘तिच्यावर प्रसंग ओढवला’. अब्रू हा फारसी शब्द. चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे तेज, हा त्याचा मूळ अर्थ. घरफोडी झाली, तर अब्रू चोराची जाते. या एकाच अपराधात मात्र कृती एकाची आणि अब्रू जाते ती दुसऱ्याची. भाषेने केलेला हा न्याय पुढे न्यायालयांतही कसा पोहोचला, हेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

जुन्या ग्रंथांत आणि दप्तरांत या विषयाचे दोन प्रवाह दिसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रूपाजीवेवर, म्हणजे रूपावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीवर, बळजबरी करणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. दंड अगदीच किरकोळ आहे. पण अशा स्त्रीच्या बाबतीतही बळजबरी हा अपराधच, एवढे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. शिवकालातील रांझे गावच्या पाटलाचे प्रकरण तर मराठी माणसाला तोंडपाठ आहे. १६४६च्या सुमाराच्या त्या कागदात पाटलाच्या हातून ‘बदअमल’ झाल्याचे म्हटले असून, परंपरेने त्याचा अर्थ स्त्रीवरील अत्याचार असा घेतला आहे. त्याचे हातपाय तोडून त्याला पाटीलकीवरून दूर करण्यात आले. त्या शिक्षेचे कठोरपण आज कोणी मागणार नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. अधिकार हाती असलेल्या माणसाने अधिकाराचा गैरवापर केला, हा त्या निवाड्याचा गाभा आहे. ती स्त्री कोण, कशी, याची चर्चा तेथे नाही.

दुसरा प्रवाह याच्या उलट वाहतो. देवलस्मृतीने, परकीयांनी बळाने पळवून भ्रष्ट केलेल्या स्त्रियांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे, असे सांगितले. त्या काळी ही उदारता लहान नव्हती. तथापि, शुद्धी करावयाची ती तिची! जिच्यावर बळ चालले तीच अशुद्ध ठरली आणि उदारताही तेथूनच सुरू झाली. पेशवाईच्या दप्तरांत शिंदळकीच्या आरोपावरून स्त्रियांना कुणबिणी करून सरकारी कोठ्यांत आणि किल्ल्यांवर धाडल्याच्या नोंदी आढळतात. या दोन प्रवाहांपैकी समाजाच्या मनात खोल मुरला तो दुसरा.

इंग्रजी अमलात भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली आणि १८६२ साली अमलात आली. कलम ३७५ने बलात्काराची व्याख्या केली. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीवाचून, किंवा मरणाची वा दुखापतीची भीती घालून मिळविलेल्या संमतीने केलेला संग, तो बलात्कार. कागदावर हे ठीकच होते. परंतु या कायद्याबरोबर इंग्लंडातील न्यायपरंपराही आली. सतराव्या शतकातील न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी असा इशारा देऊन ठेवला होता की, हा आरोप करणे सोपे आणि निर्दोष माणसालाही तो खोडून काढणे कठीण. त्यांच्या मृत्यूनंतर, १७३६ साली छापलेल्या ग्रंथातील हा इशारा पुढे पिढ्यान् पिढ्या वकिलांच्या तोंडी राहिला. आरोप करणे सोपे आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी कोणावरही तो भर कचेरीत करण्याची पाळी आली नव्हती.

१८७२च्या पुरावा कायद्यात तर ही वृत्ती कलमबद्धच झाली. त्याचे कलम ५४ म्हणत होते की, आरोपीचे वाईट चारित्र्य हा सामान्यतः खटल्यात ग्राह्य मुद्दा नव्हे. आज त्याने काय केले, एवढेच पाहावयाचे. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम १५५च्या चौथ्या पोटकलमाने अशी मुभा दिली की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः अनैतिक वर्तनाची आहे, असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता घालवावी. एकाच कायद्याने पुरुषाचा भूतकाळ झाकला आणि स्त्रीचा उघडा केला. ही विषमता पुढे तब्बल एकशेतीस वर्षे टिकली.

याच काळात मराठी मुलखात या विचारसरणीला प्रश्न विचारणारे आवाजही उठू लागले होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या किंवा फसविलेल्या विधवेला गुपचूप येऊन बाळंत होता यावे आणि तिचे मूल जगावे, हा त्याचा हेतू. तेथे आलेल्या स्त्रीला तिचा इतिहास विचारून दारातून परत पाठवावयाचे नव्हते. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. ती पुढे कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जो दोषांचा वर्षाव झाला, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा साधा प्रश्न. त्या प्रश्नाला त्या काळी उत्तर मिळाले नाही. पुस्तकच विस्मृतीत गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा उजेडात आले.

संमतीचा प्रश्न मात्र न्यायालयातच उभा राहिला. मुंबईच्या रखमाबाईंनी, बालपणी झालेल्या विवाहाला आपली संमती नव्हती, या कारणाने पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने, नांदावयास जा नाही तर तुरुंगात जा, असे फर्माविले, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. प्रकरण १८८८ साली तडजोडीने मिटले आणि पुढे त्या नामांकित डॉक्टर झाल्या. १८९० साली कलकत्त्यात अकरा वर्षांच्या सुमाराची एक विवाहित मुलगी पतीच्या संगाने दगावली. कायद्यात संमतीचे वय दहा असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारावर नेली. त्या वेळी महाराष्ट्रात झालेला वाद प्रसिद्ध आहे. परक्या सरकारने धर्मात कायद्याने हात घालू नये, अशी भूमिका घेऊन लोकमान्य टिळकांनी विरोध केला. रानडे, तेलंग, भांडारकर प्रभृतींनी पाठिंबा दिला. दोन्ही पक्षांनी शास्त्राधार काढले, गर्भाधानाच्या मुहूर्ताचा खल केला. ज्या मुलींचा हा प्रश्न होता, त्यांचे मौन मात्र कोणी मोडले नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. देसाईगंज हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेथे भावाच्या आधाराने राहणारी, मजुरी करणारी एक पोरकी आदिवासी मुलगी होती. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. एका तरुणाशी लग्न करण्याचा तिचा विचार होता. भावाला ते पसंत नसल्यामुळे त्याने, बहिणीला पळविले, अशी फिर्याद पोलीस ठाण्यात दिली. २६ मार्च १९७२ रोजी रात्री सर्वांना ठाण्यावर बोलावून जबान्या घेण्यात आल्या. मंडळी घरी निघाली, तेव्हा मुलीला मात्र मागे थांबवून घेण्यात आले. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्या पोलिसाने अतिप्रसंग केला, अशी तिची फिर्याद होती. तिची माणसे ठाण्याच्या बाहेर ताटकळत उभी होती. आत दिवे मालविलेले, दार लावलेले.

या मुलीचे नाव त्या काळी देशभर झाले आणि खटलाही त्याच नावाने ओळखला गेला. येथे ते घेतलेले नाही. अशा स्त्रीचे नाव प्रसिद्ध करू नये, असा कायदा पुढे झाला, आणि तो तिच्याच खटल्यातून उद्भवला.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मुलीला यापूर्वीच शरीरसंबंधाची सवय होती, असा वैद्यकीय तपासणीवरून निष्कर्ष काढून, तिने आपण होऊन संग केला असावा आणि बाहेरच्या माणसांपुढे शुद्ध दिसण्यासाठी बळजबरीची गोष्ट रचली असावी, असे त्या न्यायालयाला वाटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. हे दोघे पुरुष तिला सर्वस्वी अनोळखी होते. भावाच्याच फिर्यादीवरून ती ठाण्यात आणलेली होती. अशा स्थितीत तिने स्वतः पुढाकार घेतला, हे संभवतच नाही. भीतीने निमूटपणे वश होणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाने एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी हा निकाल रद्द करून दोघांनाही मुक्त केले. त्याची कारणमीमांसा आज वाचताना मन थबकते. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही, तेव्हा तिने कसून प्रतिकार केला, हे खरे नव्हे. तिने आरडाओरडा केल्याचे सिद्ध होत नाही. मरणाची वा दुखापतीची भीती घातल्याचा पुरावा नाही. सारांश, जखम नाही, ओरड नाही, म्हणून संमती आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन न्यायासनावरून अशा रीतीने अवतरले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. आरोपीचा गुन्हा निःसंशय सिद्ध झाल्यावाचून त्याला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व सुसंस्कृत न्यायव्यवस्थेचा पाया आहे आणि त्याला कोणी हरकत घेतलेली नाही. प्रश्न निराळा होता. संशय नेमका कोठून निर्माण झाला? तो घटनेच्या पुराव्यातून आला, की असली मुलगी अशीच असणार, या आधीच करून ठेवलेल्या समजुतीतून आला?

निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला आणि कित्येक महिने तसाच पडून राहिला. त्याला वाचा फोडली ती चार प्राध्यापकांनी. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, तसेच पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. कायद्याच्या अध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला जाहीर पत्र लिहून, आपला निकाल चुकला, असे नम्रपणे पण रोखठोक सांगावे, ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: संमतीत वश होणे येतेच, परंतु वश होण्यात संमती येतेच असे नाही. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या अल्पवयीन, गरीब मुलीने ओरडावे, अशी अपेक्षा कोणत्या जगात करावयाची? आणि लग्नापूर्वी तिचा कोणाशी संबंध आला होता, एवढ्यावरून पोलिसांना मोकळीक मिळते काय?

या पत्राच्या प्रती हातोहाती पसरल्या. १९८०च्या आरंभी मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभारला. त्या वर्षीच्या ८ मार्चला, जागतिक महिलादिनी, अनेक शहरांतून मोर्चे निघाले आणि खटल्याचा फेरविचार व्हावा, अशी मागणी झाली. जो शब्द घरात उच्चारण्याची चोरी होती, तो फलकांवर लिहून स्त्रिया रस्त्यावर आल्या. कायद्याच्या दुरुस्तीपूर्वी झालेली ही भाषेची दुरुस्ती होय आणि तिचे मोल कमी नाही.

विधी आयोगाने १९८०च्या एप्रिलमध्ये आपला ८४वा अहवाल दिला आणि त्यानंतर १९८३ साली फौजदारी कायद्यांत दुरुस्ती झाली. पोलीस, तुरुंगाधिकारी, सरकारी नोकर, रुग्णालयाचे कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा सांगितली. अशा खटल्यात संग झाल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ११४-अ हे नवे कलम पुरावा कायद्यात आले. सुनावणी बंद दालनात व्हावी आणि स्त्रीची ओळख प्रसिद्ध करू नये, हेही ठरले. परंतु स्त्रीचे चारित्र्य काढण्याची १८७२ची मुभा त्या वेळी तशीच राहिली. ती २००२च्या दुरुस्तीने गेली.

न्यायालयांचीही दृष्टी पालटत होती. १९८३ साली गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारतीय समाजात स्त्री असा आरोप करते तेव्हा ती सर्वस्व पणाला लावीत असते. दुसऱ्या पुराव्याचा आधार नाही म्हणून तिच्यावर अविश्वास दाखविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. १९९० साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, जिचे वर्तन समाज सैल मानतो, अशा स्त्रीलाही नकाराचा अधिकार आहे. कौटिल्याच्या बारा पणांत दडलेले तत्त्व दोन सहस्रकांनी पुन्हा वर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत घडलेल्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. बलात्काराकडे अब्रूच्या आणि लाजेच्या दृष्टीने पाहणे सोडून, स्त्रीच्या शरीराच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कावरील आघात म्हणून पाहावे, असा तिचा आग्रह होता. त्याच वर्षी संमतीची व्याख्या कायद्यात आली. संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने वा कृतीने दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. देसाईगंजच्या मुलीला १९७८ साली जे उत्तर हवे होते, ते कायद्याने पस्तीस वर्षांनी दिले.

राहिली ती वैद्यकीय तपासणी. दोन बोटांनी तपासून, स्त्रीला संगाची सवय आहे की नाही, हे लिहिण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. देसाईगंजच्या मुलीविरुद्ध याच जातीचा निष्कर्ष वापरला गेला होता. विदर्भातीलच सेवाग्राम येथील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे अहवालरूपाने मांडले. केंद्रीय आरोग्य खात्याने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत ती वर्ज्य ठरविली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, यापुढे अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले. वैनगंगेच्या काठी ज्या तपासणीने एका मुलीला खोटी ठरविले, तिच्यावर असा पडदा पडला.

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे म्हणावे काय? राष्ट्रीय गुन्हेनोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या वर्षात देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. अशा नोंदींत शेकडा ९५हून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. म्हणजे अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी नराधम हे आपल्या मनातले चित्र बहुतांशी खोटे आहे. शेजारी, नातेवाईक, वरिष्ठ, लग्नाचे वचन देणारा, यांच्यापासूनच भय आहे. आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध बोलणे सर्वांत कठीण असते. घरातली माणसेच म्हणतात, झाले ते झाले, वाच्यता करू नकोस. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला मिळालेला जुना अपवादही २०२३च्या भारतीय न्याय संहितेत कायम राहिला. रखमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही, असाच याचा अर्थ.

कायदा न्यायाधीशाला काय विचारावे हे सांगू शकतो. शेजाऱ्याला नाही सांगू शकत. अमुक घटना घडली, असे कानावर आले की आपला पहिला प्रश्न कोणता असतो? ती तेथे कशाला गेली होती? एवढ्या रात्री? तिचे आधी कोणाशी होते काय? हे प्रश्न विचारताना आपण १८७२ सालचे ते रद्द झालेले पोटकलमच आपल्या ओसरीवर पुन्हा चालवीत असतो. त्याने काय केले, हा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही.

देसाईगंजच्या मुलीच्या बाबतीतला १९७८चा निकाल कधीच फिरला नाही. नवा कायदा मागच्या घटनेला लागू होत नाही, त्यामुळे तिच्या कारणाने झालेल्या सुधारणांचा लाभ तिला मिळाला नाही. तो तिच्यानंतरच्या स्त्रियांना मिळाला. ती मजूर होती, निरक्षर समाजातून आली होती, आणि तरीही २७ मार्च १९७२ रोजी तिने वैद्यकीय तपासणी करवून घेतली, पुढे तीन न्यायालयांतून खटला चालला, तेथे आपली हकीकत कायम ठेवली. तिचे मौन हे संमतीचे लक्षण ठरविले गेले; पण वस्तुतः ती मौन राहिली नव्हती. ती बोलली होती. ऐकणाऱ्यांना मात्र ते ऐकू येण्यास फार वर्षे लागली.